वर्गातला पडदा आणि इंटरनेटवरची बंदी

वर्गात पडद्यावर दाखवली जाणारी स्लाइड दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात मजकूर, चित्र, आलेख, आवाज असे सारे काही त्या फाइलमध्येच साठवलेले असते. संगणक आणि प्रोजेक्टर चालू झाला, की ती चालते. दुसऱ्या प्रकारात स्लाइडवर नुसता दुवा असतो आणि त्यामागचा नकाशा, व्हिडिओ किंवा लेख ऐन तासाला इंटरनेटवरून मागवला जातो. पहिल्या प्रकारच्या स्लाइडवर काय दिसावे हे शिक्षक ठरवतो. दुसऱ्या प्रकारच्या स्लाइडवर काय दिसेल हे ठरवण्यात आणखी चौघांचा हात असतो : शाळेचे नेटवर्क सांभाळणारा, इंटरनेट पुरवणारी कंपनी, व्हिडिओ किंवा लेख ठेवणारा मंच आणि सरकार. त्यांपैकी कोणीही वाट अडवली, तरी वर्गाला दिसते ते एकच : न उघडणारे पान.

शाळेने लहान मुलांसाठी लावलेली गाळणी आणि सरकारने नागरिकांवर घातलेली बंदी या दोन गोष्टींचे हेतू वेगळे आहेत आणि त्यांचे अधिकारही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. तंत्र मात्र बरेचसे सारखेच आहे. वर्गात होणारा परिणामही पुष्कळदा सारखाच असतो. त्यामुळे सादरीकरण तयार करणाऱ्या शिक्षकाने या दोन्हींची ओळख करून घेणे उपयोगाचे ठरते.

फाइलमधून दुव्याकडे

पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत घडवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचे काम मर्यादित होते. कार्यालयातल्या बैठकीसाठी कृष्णधवल पाने जुळवायची, पारदर्शक फिल्मवर ती छापायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. अशा पानाला बाहेरून कशाचीच गरज नसे.

पुढे पडद्यावरच्या स्लाइडमध्ये रंग, आवाज आणि हलती चित्रे आली. पॉवरपॉइंटच्या २००७ च्या आवृत्तीपासून रूढ झालेली पीपीटीएक्स फाइल ही खरे तर एक झिप गठडी असते आणि स्लाइडवरची चित्रे तिच्यात स्वतंत्र फाइली म्हणून असतात. २०१० च्या आवृत्तीपासून संगणकावरचा व्हिडिओसुद्धा आपोआप याच गठडीत साठवला जाऊ लागला. दरम्यान २००७ मध्ये गुगलने ब्राउझरमध्ये चालणारे सादरीकरण सुरू केले. त्यात संपूर्ण फाइलच दूरच्या सर्व्हरवर राहते. एकाच सादरीकरणावर चार शिक्षक मिळून काम करू शकतात ही त्याची मोठी सोय. पण त्या सर्व्हरपर्यंतची वाट बंद झाली, तर चित्र किंवा व्हिडिओ तर सोडाच, आगाऊ तजवीज केली नसेल तर सादरीकरणच उघडत नाही. चीनमध्ये २०१४ पासून गुगलच्या बहुतेक सेवा पोहोचेनाशा झाल्या आहेत. तिथे सादरीकरणासाठी डब्ल्यूपीएस ऑफिस हे किंगसॉफ्ट या चिनी कंपनीचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

पान नेमके कुठे अडते

दुव्यावर क्लिक केल्यापासून पान पडद्यावर येईपर्यंत काही टप्पे पार पडतात. अडवणूक त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते.

पहिला टप्पा नावाचा. ब्राउझरला संकेतस्थळाचे नाव ठाऊक असते, पण जोडणीसाठी अंकी पत्ता लागतो. तो डीएनएस नावाची यंत्रणा सांगते. या यंत्रणेने उत्तरच दिले नाही किंवा मुद्दाम खोटा पत्ता दिला, तर संकेतस्थळ जागच्या जागी असूनही सापडत नाही. बंदीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे आणि दुसरी डीएनएस सेवा वापरून तो पुष्कळदा टाळताही येतो.

दुसरा टप्पा अंकी पत्त्याचा. ठरावीक पत्त्याकडे जाणारी सगळी माहिती वाटेतच टाकून दिली जाते. एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदत असतील, तर एकाला अडवताना इतरही बंद पडतात. असे मार्ग बदलण्याचे परिणाम देशाबाहेरही जाऊ शकतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांकडे जाणारा मार्ग आपल्याकडे वळवला. ही चुकीची माहिती जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरली आणि सुमारे दोन तास जगातल्या अनेक भागांत यूट्यूब बंद राहिले.

तिसरा टप्पा जोडणीच्या सुरुवातीचा. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या सांकेतिक पद्धतीने माहिती पाठवतात. वाटेतल्या कंपनीला पानावरचा मजकूर वाचता येत नाही. मात्र जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे नाव सहसा उघडे असते. ते नाव पाहून जोडणी तोडता येते. यातून एक महत्त्वाचा परिणाम होतो. अडवणाऱ्याला संकेतस्थळ दिसते, पण त्यातले पान दिसत नाही. त्यामुळे एक लेख नको असेल तर सगळे संकेतस्थळ बंद करावे लागते. तुर्कस्तानात हेच घडले. सीरियातील युद्धासंबंधीच्या लेखांवर तुर्कस्तानच्या सरकारचा आक्षेप होता, पण २०१५ सालीच विकिपीडिया पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेला होता. त्यामुळे २९ एप्रिल २०१७ पासून विकिपीडियाच्या सगळ्या भाषांतल्या आवृत्त्या तिथे बंद झाल्या. ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते असा निकाल तिथल्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला आणि १५ जानेवारी २०२० रोजी विकिपीडिया पुन्हा सुरू झाला. मधली पावणेतीन वर्षे गणितापासून वनस्पतिशास्त्रापर्यंतचे लाखो लेखही तिथल्या शाळांना थेट उघडता येत नव्हते.

चौथा टप्पा मजकुराचा. शाळा किंवा कार्यालय स्वतःच्या संगणकांवर खास प्रमाणपत्र बसवून सांकेतिक माहिती मधल्या मधे उघडू शकते, तपासू शकते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवू शकते. अशा ठिकाणी एकेक पान, एकेक शब्दसुद्धा गाळता येतो. त्याचबरोबर विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काय पाहिले याची नोंदही ठेवता येते.

या चार टप्प्यांशिवाय आणखी दोन मार्ग आहेत. मंच स्वतःच एखाद्या देशापुरता मजकूर लपवतो किंवा शोधयंत्र तो निकालांतून वगळते, हा एक. इंटरनेटची सेवाच थांबवणे, हा दुसरा.

चीनमध्ये यांपैकी बहुतेक पद्धती एकत्र वापरल्या जातात. खोटे डीएनएस उत्तर, पत्ता अडवणे, संशयित शब्द दिसताच जोडणी तोडणे आणि संकेतस्थळाचे नाव तपासणे या सगळ्यांच्या जाळ्याला बाहेरच्या जगात ग्रेट फायरवॉल म्हणतात. यूट्यूब तिथे २००९ पासून आणि विकिपीडियाच्या सर्व भाषा २०१९ पासून बंद आहेत. संकेतस्थळाचे नावही झाकणारी नवी पद्धत आली, तेव्हा २०२० मध्ये तिथल्या यंत्रणेने अशा झाकलेल्या जोडण्याच तोडायला सुरुवात केली.

शाळेची गाळणी

शाळेतल्या गाळणीला कायद्याचे बळ देणारे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील अश्लील मजकुरावर सरसकट बंदी घालणाऱ्या कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. त्यानंतर तिथल्या संसदेने वेगळी वाट धरली. डिसेंबर २००० मध्ये झालेल्या बालक इंटरनेट संरक्षण कायद्यानुसार इंटरनेटच्या खर्चात केंद्राची सवलत घेणाऱ्या शाळांना आणि ग्रंथालयांना अश्लील व मुलांना अपायकारक चित्रे अडवणारी यंत्रणा बसवणे भाग पडले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदा वैध ठरवला. प्रौढ व्यक्तीला संशोधनासाठी गाळणी बंद करून मागता येते, ही तरतूद त्या निकालात महत्त्वाची ठरली. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र सीबीएसईने २०१७ मध्ये संलग्न शाळांना इंटरनेटच्या सुरक्षित वापराबद्दल सूचना दिल्या आणि त्यांत फायरवॉल व गाळणी बसवण्याचा समावेश होता.

बाजारातली गाळणी सहसा विषयवार याद्यांवर चालते. कंपनीने लाखो संकेतस्थळांची जुगार, हिंसा, अश्लीलता, समाजमाध्यमे, खेळ अशी वर्गवारी केलेली असते आणि शाळा त्यांतले कोणते वर्ग बंद ठेवायचे ते निवडते. यादीत नसलेल्या पानांसाठी शब्दांवरून किंवा चित्रांवरून अंदाज बांधला जातो. या पद्धतीत चुका दोन्ही बाजूंनी होतात. नको ते सुटते आणि हवे ते अडते.

हवे ते अडण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९६ चे आहे. इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावातल्या लोकांना एओएल या कंपनीचे खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या रोमन अक्षरांत एक शिवी दडलेली होती. शाळेत हा प्रश्न जीवशास्त्राच्या तासाला हमखास येतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजननाचा भाग आहे. स्तनांच्या कर्करोगाची माहिती, पाळीचे चक्र, प्रजननसंस्थेची आकृती ही सारी पाने शब्द आणि चित्रे पाहून अंदाज बांधणाऱ्या गाळणीला संशयास्पद वाटू शकतात. इतिहासात नाझी छळछावण्यांची छायाचित्रे हिंसेच्या वर्गात जाऊ शकतात. इंग्रजी शब्दांवर घडवलेल्या गाळणीला देवनागरी मजकूर नीट कळत नसेल, तर मराठी पानांबाबत दोन्ही प्रकारच्या चुका वाढण्याचा धोका राहतो.

वर्गवारी करणाऱ्याचा कलही गाळणीत उतरतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅमडेंटन शाळा विभागाची गाळणी समलैंगिकांना आधार देणारी संकेतस्थळे अडवत असे आणि त्यांना विरोध करणारी संकेतस्थळे मात्र उघडत असे. २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही गाळणी बदलण्याचा आदेश दिला. यूट्यूबवर शाळांसाठी असलेल्या मर्यादित प्रकारातही असेच आढळले. तिथे निरुपद्रवी असे अनेक समलैंगिकविषयक व्हिडिओ लपवले जात असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि आपली यंत्रणा चुकल्याचे कंपनीने मान्य केले. म्हणून गाळणीची वर्गवारी कोणी केली, शाळेने काय काय बंद ठेवले आणि अडलेले पान उघडून घ्यायला शिक्षकाने कोणाकडे जायचे, या तिन्ही गोष्टी शाळेत लेखी असणे आवश्यक ठरते.

सरकारची बंदी

भारतात एखादे संकेतस्थळ किंवा पान बंद करण्याचा केंद्र सरकारचा मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ मध्ये आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि याबाबतच्या दखलपात्र गुन्ह्यांची चिथावणी रोखणे ही त्यातली कारणे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात त्याच कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. २००९ च्या नियमांप्रमाणे बंदीच्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची असते. त्यामुळे कोणते पान कोणत्या कारणाने बंद झाले हे वाचकाला सहसा कळत नाही.

बंदीची अंमलबजावणी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे असते आणि त्यांत एकवाक्यता नाही. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेतल्या संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले, की वेगवेगळ्या कंपन्यांनी अडवलेल्या संकेतस्थळांच्या याद्या जुळत नाहीत आणि अडवण्याचे तंत्रही निरनिराळे आहे. एकाच गावात एका शिक्षकाच्या मोबाइलवर उघडणारे पान शाळेच्या जोडणीवर न उघडण्याचे हे एक कारण असू शकते.

संपूर्ण इंटरनेट थांबवण्याचा शिक्षणाला मोठा फटका बसतो. जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ रोजी इंटरनेट बंद झाले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यानंतर मोबाइलवर टूजी सेवा टप्प्याटप्प्याने आली, तीही आधी फक्त सरकारने मान्य केलेल्या संकेतस्थळांपुरती. मार्च २०२० मध्ये ही मर्यादा उठली, पण वेग टूजीचाच राहिला. त्याच सुमाराला करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि देशभर ऑनलाइन वर्ग सुरू झाले. १२८ किलोबिट प्रतिसेकंद एवढा वेग धरला, तर १० मेगाबाइटचे एक सादरीकरण उतरवायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि थेट व्हिडिओवरचा तास तर चालतच नाही. एखादे पान न अडवताही नुसत्या वेगाने बंदीचे काम कसे होते, याचे हे उदाहरण आहे. तिथे सर्वत्र फोरजी सेवा ५ फेब्रुवारी २०२१ रोजी परत आली.

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून कोल्हापुरात तणाव वाढला तेव्हा आणि त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या काही भागांत इंटरनेट थांबवण्यात आले होते. काही ठिकाणी तर परीक्षेसाठीच इंटरनेट बंद होते. राजस्थानात २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेच्या वेळी अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. इराकमध्ये २०१५ पासून आणि अल्जीरियात २०१८ मध्ये शालान्त परीक्षांच्या काळात रोज काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले आहे. प्रश्नपत्रिका फुटू नये हा त्यामागचा हेतू सांगितला जातो, पण परीक्षेला न बसलेल्यांचेही व्यवहार त्या वेळेत थांबतात.

शिक्षण आणि इंटरनेट यांचा संबंध भारतीय न्यायालयानेही जोडून दाखवला आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी ठरावीक वेळेत मोबाइल वापरायला मनाई होती. त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

अडलेल्या पानामुळे धडा कसा बदलतो

पान उघडले नाही, की शिक्षक घाईने त्याची भरपाई करतो. व्हिडिओच्या जागी त्याचे वर्णन करणारा मजकूर स्लाइडवर येतो आणि शिक्षक तोच मोठ्याने वाचतो. ही भरपाई कमकुवत असते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि तोंडी विवेचन एकत्र असलेल्या विद्यार्थ्यांना विषय जास्त समजला. त्यात तेच शब्द पडद्यावरही लिहिले, की समज घटली. डोळ्यांना एकाच वेळी चित्र आणि मजकूर दोन्हीकडे पाहावे लागते आणि लक्ष विभागले जाते. अडलेल्या व्हिडिओची जागा एका चांगल्या आकृतीने आणि बोलण्याने भरली, तर नुकसान कमी होते.

दुसरा परिणाम उशिरा दिसतो. दोन-तीनदा पान अडले, की शिक्षक तो विषय सादरीकरणात घेणेच सोडतो. कोणतेही नवे बंधन न घालता प्रजनन, जातीय हिंसा किंवा शेजारी देशाशी झालेले युद्ध यांवरची स्लाइड पुढच्या वर्षीच्या फाइलमधून नाहीशी होते. गाळणीच्या नोंदी कोणी पाहत असेल ही शंकाही त्यात भर घालते.

स्लाइडच्या घडणीतही वगळणे असते, हे इथे लक्षात घ्यावे लागते. माहितीचित्रणाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये पॉवरपॉइंटवर कडक टीका केली. ठिपक्यांच्या उतरंडीत वाक्ये तुटतात, कारण आणि परिणाम यांचा दुवा हरवतो आणि महत्त्वाची अट सर्वांत लहान अक्षरांत जाऊन पडते, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. चौकशी मंडळाच्या अहवालानेही तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या नासातल्या सवयीवर बोट ठेवले. गाळणी वगळते ते न सांगता वगळते. शिक्षकाची स्लाइडही न सांगता वगळू शकते. फरक एवढाच, की शिक्षकाला आपली निवड वर्गापुढे उघड करता येते.

बंदी गृहीत धरून केलेली तयारी

ज्या वर्गात पान उघडेल याची खात्री नाही, तिथे सादरीकरण स्वयंपूर्ण असावे. ऑनलाइन व्हिडिओ स्लाइडवर टाकला तरी फाइलमध्ये फक्त दुवाच जातो. संगणकावर आधी उतरवलेला व्हिडिओ घातला तर तो फाइलबरोबर प्रवास करतो. ब्राउझरमधल्या सादरीकरणाची प्रत पीपीटीएक्स आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत पेनड्राइव्हवर ठेवावी. पीडीएफमध्ये हालचाल उरत नाही, पण पान जसेच्या तसे दिसते.

मराठी सादरीकरणात अक्षरांचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन दिसतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर वाचता येतो. फॉन्ट बदलला तर फार तर ओळी पुढेमागे सरकतात. फाइलमध्ये फॉन्ट साठवण्याची सोय वापरली, तर तेही टळते. इंटरनेटवरून फॉन्ट उतरवण्याची वेळ तासाला येऊ नये.

संदर्भसाहित्याचीही ऑफलाइन सोय आहे. किविक्स हे २००७ मध्ये सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर विकिपीडियाची संपूर्ण प्रत इंटरनेटशिवाय वाचू देते. मराठी विकिपीडियाची प्रतही त्यात मिळते. ती एका संगणकावर ठेवून शाळेच्या अंतर्गत जोडणीवरून सगळ्या वर्गांना देता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात आणि दीक्षा मंचावरचे पाठ मोबाइलवर आधी उतरवून ठेवता येतात. पान बदलले किंवा काढले गेले असेल, तर इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी प्रत मिळण्याची शक्यता असते.

उतरवून घेताना कायद्याचे भान हवे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात साहित्याची प्रत काढणे हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रती खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. परंतु व्हिडिओ मंचांच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असतात आणि पुष्कळदा व्हिडिओ उतरवायला परवानगी नसते. मुक्त परवान्याचे साहित्य निवडले, तर हा पेच राहत नाही. गाळणी चुकवण्यासाठी शाळेच्या संगणकावर व्हीपीएन बसवणे हा सोपा वाटणारा उपाय असतो. पण त्यामुळे लहान मुलांसाठीचे संरक्षणही निघते आणि सगळी माहिती त्या अनोळखी कंपनीमार्फत जाते. अडलेले पान रीतसर उघडून घेणे आणि तोवर ऑफलाइन प्रत वापरणे हे जास्त टिकाऊ.

प्रत्येक चित्राखाली आणि आकड्याखाली त्याचा स्रोत व पाहिल्याची तारीख लिहावी. पडद्याचे छायाचित्र घेतले असेल तर तेही सांगावे. दुवा उद्या बंद झाला, तरी माहिती कुठून आली हे त्यामुळे विद्यार्थ्याला शोधता येते.

बंदी हाच धडा

नववी-दहावीच्या पुढच्या वर्गांत बंदी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवता येतो. नागरिकशास्त्रात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि त्यावरची वाजवी बंधने येतात, संगणकाच्या तासाला नेटवर्क येते. सादरीकरण या दोन्हींना जोडू शकते. चार स्लाइड पुरतात : पान येण्याचे टप्पे दाखवणारी आकृती, एका बंदीचा कालक्रम, तिच्या बाजूची आणि विरोधातली कारणे, आणि न्यायालयाने लावलेली कसोटी. शिक्षकाने आधी तपासलेल्या एखाद्या पानापर्यंत दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून जाऊन पाहिले, तर पडद्यावर येणारे संदेश शेजारी शेजारी ठेवता येतात. सर्व्हर सापडला नाही, जोडणी तुटली, शासनाच्या आदेशाने बंद, असा प्रत्येक संदेश अडवणुकीच्या वेगळ्या टप्प्याची खूण असू शकतो. मात्र न उघडणारे प्रत्येक पान बंदी घातलेले नसते. सर्व्हर बंद पडणे, तार तुटणे, पत्ता चुकीचा असणे ही साधी कारणे आधी तपासायची, ही शिस्तही या प्रयोगातून शिकता येते.

बंदी उघडपणे सांगण्यासाठी इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत सोय आहे. कायद्याच्या कारणाने पान देता येत नसेल तर सर्व्हरने ४५१ हा संकेतांक द्यावा, असे २०१६ मध्ये ठरले. पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कथा सांगणाऱ्या रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या फॅरनहाइट ४५१ या कादंबरीवरून हा अंक घेतला आहे. हा संकेतांक देताना बंदी कोणी घातली आणि का, हेही सांगावे अशी त्यात अपेक्षा आहे. प्रत्यक्षात फार थोडी संकेतस्थळे आणि कंपन्या तो वापरतात.

शाळेच्या गाळणीला आणि शिक्षकाच्या सादरीकरणाला हीच अपेक्षा लावता येते. लहान मुलांच्या शाळेत काही गोष्टी अडवाव्या लागतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात बरेच काही वगळावेही लागते. शाळेने अडवलेल्या पानावर अडवण्याचे कारण आणि तक्रारीची जागा छापावी. शिक्षकाने शेवटच्या स्लाइडवर घेतलेले स्रोत, न उघडलेले स्रोत आणि वेळेअभावी सोडलेला भाग नोंदवावा. या नोंदींमुळे विद्यार्थ्याला पडद्यावर न आलेल्या गोष्टींचाही माग घेता येतो आणि घरी किंवा ग्रंथालयात त्यांचा शोध पुढे नेता येतो.